अ‍ॅडमिशन ड्युटी लागलीये? मग टेबलावर खरं कसं बोलायचं ते बघा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा स्कोअर आला की कोल्हापुरातल्या जवळजवळ प्रत्येक प्रायव्हेट कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक यादी लागते, अ‍ॅडमिशन ड्युटी. शिकवायला म्हणून लागलेला माणूस दोन-अडीच महिने टेबलावर बसतो, फोन करतो, ज्युनिअर कॉलेजला जाऊन सेमिनार घेतो, आणि हे काम कसं करायचं ते त्याला कुणीच शिकवलेलं नसतं, फक्त टार्गेट सांगितलेलं असतं. हे त्यांच्यासाठी लिहितोय. नवीन लागलेले सर-मॅडम, ऑफिसच्या पोरी, टेलिकॉलर, आणि क्लासवाले असतील तर ते पण. मी या टेबलावर बरीच वर्षं काढलीयत आणि माझं म्हणणं एकच आहे, जे तोंडानं सांगतोय ते लेटरहेडवर लिहून खाली सही करता येत नसेल तर सांगायचं नाही. आता हे रोजच्या गर्दीत, डोक्यावर टार्गेट असताना जमवायचं कसं, तेवढंच खाली आहे.

आधी समोर कोण बसतंय ते बघा. चंदगड, आजरा, राधानगरी, शाहूवाडी इकडनं आलेले वडील, सोबत पोरगं किंवा पोरगी, हातात प्लास्टिकची फाईल, बऱ्याचदा घरातला कॉलेजला जाणारा हा पहिलाच. सिलॅबस काय, लॅब कशा आहेत हे विचारणारे फार कमी. प्रश्न तीनच असतात. "साहेब, सगळं मिळून पैसं किती?" "नोकरी लागंल न्हवं?" आणि मुलगी असेल तर "राहायचं कुठं?" खोटं बोललं जातं ते या तिघांतच, आणि बरेचदा ते सरळ खोटं नसतंच, अर्धं सांगून गप्प बसणं असतं. म्हशीच्या बाजारात हाच माणूस पुढ्यात धार काढून दाखवा म्हणेल, पण कॉलेजात आला की टाय घातलेल्या माणसाला उलटं विचारायला लाजतो. म्हणून न विचारलेलं पण आपणच सांगायचं, हा भाग ड्युटीतच धरा.

सिझन सुरू व्हायच्या आधी स्वतःची एक फाईल करा. ऑफिसकडून मागून घ्यायचे कागद असे: एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेचं, त्या वर्षाचं मान्यतेचं पत्र (ब्रँचवाईज सीट त्यातच असतात), फी नियामक प्राधिकरणाची म्हणजे एफआरएची फीची ऑर्डर, विद्यापीठाच्या संलग्नतेचं पत्र, नॅकचं (कॉलेजच्या दर्जाचं मूल्यांकन) सर्टिफिकेट आणि त्याची मुदत, एनबीए (एकेका कोर्सचं मूल्यांकन) असेल तर कुठल्या ब्रँचला आहे ते, गेल्या तीन वर्षांचं ब्रँचवाईज प्लेसमेंट, मागच्या वर्षीचे कटऑफ, हॉस्टेल-मेस-बसचे दर. मागितल्यावर "त्याची काय गरज, तुम्ही सांगा की" असं उत्तर आलं तर कुठं बोलायचं नाही ते तिथंच कळलं. कागद नाही त्या विषयावर पालकाला एवढंच सांगायचं, "हे मला आत्ता माहीत नाही, विचारून उद्या फोन करतो." आणि उद्या खरंच करायचा. पालक यानं नाराज होत नाहीत, उलट बसतात नीट ऐकत.

आता फी. इथं जरा वेळ लावा, कारण घरातली म्हैस, सोसायटीचं कर्ज, उसाचं बिल असलं सगळं या आकड्याला बांधलेलं असतं. नुसती ट्यूशन फी सांगणं म्हणजे फी सांगणं नव्हे. एक कोरा कागद घ्या आणि पालकाच्या समोर लिहा. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, विद्यापीठाची आणि परीक्षेची फी, परत मिळणारं डिपॉझिट वेगळ्या ओळीत, मग हॉस्टेल, मेस, बस, युनिफॉर्म, पुस्तकं, लॅपटॉप लागणार असेल तर तो पण. शेजारी चार वर्षांचे चार कॉलम पाडा. पहिल्या वर्षाचा आकडा पक्का, पुढच्या वर्षांच्या पुढं "अंदाजे" असं लिहा, कारण हॉस्टेल-मेसचे दर तसेच राहतील असं आज कोण सांगणार. खाली एकूण मारा, तारीख टाका, स्वतःचं नाव लिहा आणि कागद त्यांच्याकडंच द्या. ते घरी जातात, भावकीत दाखवतात, दुसऱ्या कॉलेजच्या टेबलावर पण तोच कागद ठेवतात. ठेवू देत की. आपला आकडा खरा असेल तर भ्यायचं काय.

पावती नाही असा एक रुपया घ्यायचा नाही, आणि घ्यायला कुणाला सांगायचं पण नाही. कॅपिटेशन फी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे, आणि विनाअनुदानित व्यावसायिक कोर्सच्या फीवर नियंत्रण ठेवायला २०१५ चा कायदा आहे, एफआरए त्यातूनच आलंय. पालक स्वतःच हळू आवाजात "वरचं काय असंल ते सांगा" म्हणतात, कारण गावातल्या कुणीतरी तसं डोक्यात घातलेलं असतं. तेव्हा मोठ्यानं, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं सांगा, "काका, पावतीवर आहे तेवढंच."

स्कॉलरशिपचं तर वेगळंच. "फी माफ होते हो, स्कॉलरशिप बसते" हे वाक्य इतक्या सहज टाकलं जातं की त्यानं किती घरं अडकलीत ते विचारू नका. इथं नेमकं बोलायला पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गाला, त्यात ट्यूशन फीच्या पन्नास टक्के मिळतात, सगळ्या फीच्या नव्हे. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), ओबीसी मुली, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, त्यांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के शासन भरतं. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटवर घेतलात तर ते मिळत नाही, आणि अभिमत किंवा खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठाला ही योजना लागू नाही. "मुलींना मोफत शिक्षण" असा फलक लावून आत इन्स्टिट्यूट लेव्हलची सीट गळ्यात मारायची, हे मी बघितलंय, आणि त्या पोरीला कळतं कधी, तर महाडीबीटीवर, शासनाच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, फॉर्म भरायला बसल्यावर. मेस, हॉस्टेल, डिपॉझिट या योजनेत येत नाही हे पण सांगा, कारण "मोफत" म्हटल्यावर बापाला वाटतं सगळंच.

शिवाय स्कॉलरशिपचे पैसे वेळेवर येतातच असं नाही. तोपर्यंत आपलं कॉलेज थांबतं का, की आधी भरून घेतं आणि नंतर परत देतं, की हॉलतिकीट अडवतं? अकाउंट सेक्शनला जाऊन खरं काय होतं ते विचारा आणि तेच सांगा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, जात वैधता यातलं काय हातात आहे आणि काय अर्ज करून पावतीवर आहे, ते पहिल्याच भेटीत बघा. "होईल हो नंतर" म्हणून पुढं ढकललेल्या व्हॅलिडिटीपायी पोरांच्या राखीव सीट गेल्यात.

प्लेसमेंटवर येऊ. सगळ्यात जास्त सर्कस इथं चालते. एक समजा म्हणून उदाहरण घेऊ. ब्रँचला ६० पोरं शेवटच्या वर्षाला. त्यातल्या ३५ जणांनी प्लेसमेंट सेलकडं नाव नोंदवलं, बाकीच्यांचे बॅकलॉग, कुणाला पुढं शिकायचंय, कुणाला एमपीएससी. २८ जणांना ऑफर आली. सत्तावीस जणांना तीन लाखाची, एकाला बारा लाखाची. आता यातून फलक काय तयार होतो बघा: "८० टक्के प्लेसमेंट, हायेस्ट पॅकेज १२ लाख". हिशेब चुकीचा नाही, ३५ पैकी २८ म्हणजे ८० टक्केच होतात. पण समोर बसलेला बाप साठ पोरांतला एक म्हणूनच आपलं पोरगं बघतोय, आणि साठातले २८ म्हणजे निम्म्याहून कमी. सरासरी काढली तर तीन लाख बत्तीस हजार येते, पण मधल्या पोराला मिळालं ते तीन लाखच. त्यामुळं टेबलावर सांगायचं असं, "साठ पोरं होती, पस्तीस बसली, अठ्ठावीसांना मिळालं, बहुतेकांना तीन लाख, एकाला बारा." संपलं. एवढं एक वाक्य पाठ करा आणि आपल्या ब्रँचचे खरे आकडे त्यात घाला.

मग त्याच्या मागचं. एकाच पोराला तीन ऑफर आल्या तर तो तीनदा मोजलाय का? ऑफर आली ती जॉइन झाली का, की सहा महिने जॉइनिंग डेट पुढं ढकलत शेवटी गायब? इंटर्नशिपचं स्टायपेंड प्लेसमेंटमध्ये धरलंय का? कॉल सेंटरची नोकरी कॉम्प्युटर ब्रँचच्या आकड्यात आहे का? पूल कॅम्पस (बऱ्याच कॉलेजची एकत्र भरती) दुसऱ्या कॉलेजला झाला आणि आपली पोरं तिथं गेली, तर ती कंपनी "आपल्या कॅम्पसला आली" असं लिहिलंय का? हे प्रश्न पालक विचारणार नाहीत, प्लेसमेंट ऑफिसरला तुम्ही विचारा, सिझनच्या आधी, चहा पिता पिता. आणि तीन लाखाचं पॅकेज म्हणजे महिन्याला पंचवीस हजार, त्यातून पीएफ वगैरे जाऊन हातात त्याहून कमी, आणि नोकरी पुण्यात असेल तर खोली, मेस, पेट्रोल त्यातनंच. हे गणित पालकासमोर करून दाखवलं की तो घाबरून उठून जाईल असं तुमच्या साहेबांना वाटतं. जात नाहीत हो. शिरोली, गोकुळ शिरगावला फौंड्रीत, मशिनशॉपला काम केलेले बाप असतात बरेच, पगार म्हणजे काय ते त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

अजून एक. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, भाग घेणाऱ्या कॉलेजना आपली माहिती वेबसाईटवर टाकावी लागते, किती पोरं वेळेत पास झाली, किती प्लेस झाली, मिडियन म्हणजे मधल्या पोराचा पगार किती, किती पुढं शिकायला गेली. रँक असो वा नसो, तो डेटा उघडा असतो. पालकाला मोबाईलवर काढून दाखवा, आपल्याच कॉलेजचा. ब्रोशर आणि तो डेटा जुळत नसेल तर ब्रोशर टेबलावरनं काढून ठेवायचं. "एनआयआरएफमध्ये सहभागी" आणि "एनआयआरएफ रँक" या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, हे तर तुम्हाला माहीतच आहे, त्यांना नाही.

मान्यतेच्या बाबतीत थोडक्यात. एआयसीटीई मान्यता ही शाबासकी नव्हे, ती नसेल तर इंजिनिअरिंगचं कॉलेजच चालवता येत नाही. नॅक सगळ्या कॉलेजला असतं, एनबीए त्या त्या कोर्सला, त्यामुळं मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणून एआय-डेटा सायन्सच्या टेबलावर "आमचं एनबीए आहे" म्हणायचं नाही. आणि डिग्रीवर नाव कुणाचं येणार ते स्पष्ट सांगा, शिवाजी विद्यापीठ, लोणेरेचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, अभिमत की खाजगी विद्यापीठ. ऑटोनॉमस म्हणजे पेपर कॉलेज काढतं, पण डिग्री विद्यापीठाचीच, हे बहुतेकांना माहीत नसतं आणि "आम्ही आता स्वतंत्र" असं ऐकलं की काहीतरी भलतंच समजतात.

बीबीए-बीसीएवाल्यांनी तर जास्तच जपून. २०२४-२५ पासून हे कोर्स एआयसीटीईखाली आले, राज्यात त्यांची सीईटी सुरू झाली, आणि मग काही ठिकाणी सीईटी नको म्हणून कोर्सचं नावच बदललं. नाव बदललेला कोर्स वाईट असतो असं नाही, पण पोरगं घरी जाऊन "मी बीसीएला लागलो" म्हणून सांगतंय आणि डिग्रीवर दुसरंच काहीतरी येणार, हे आत्ताच सांगायला पाहिजे. पुढं एमसीए करायचं असेल तर या डिग्रीवर बसता येतं का, त्याची पात्रता काढून दाखवा.

आता कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कुठली कॉलेजं पाहिजेत ते पसंतीनं नंबर देऊन भरायचा फॉर्म. माझ्या मते या सगळ्या धंद्यातला सगळ्यात वाईट प्रकार हाच, फी-प्लेसमेंटपेक्षा पण. गावाकडच्या पोराकडं लॅपटॉप नाही, सायबर कॅफेवाला वाटेल तसं भरतो, मग कॉलेजवाले म्हणतात "या आमच्याकडं, फ्रीमध्ये भरून देतो". येतात. लॉगिन आयडी, पासवर्ड घेतला जातो, ओटीपी विचारला जातो, आणि पहिल्या नंबरला आपलं कॉलेज टाकून फॉर्म कन्फर्म. पोराला वाटतं पुढच्या राऊंडला बघू. पण पहिल्या राऊंडला पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे तीच पक्की, पुढच्या राऊंडला जाताच येत नाही. २०२५-२६ ला तर हे अजून कडक झालं, दुसऱ्या राऊंडला पहिल्या तीनातलं आणि तिसऱ्याला पहिल्या सहातलं काही लागलं तरी तेच घ्यायचं. म्हणजे एका क्लिकवर त्या पोराची चार वर्षं तुम्ही ठरवली.

मदत करायचीच असेल तर अशी करा. कॉम्प्युटरसमोर पोराला बसवा, तुम्ही शेजारी. पासवर्ड त्यानं टाकायचा, तुम्ही मान वळवायची. ओटीपी मोठ्यानं वाचायचा नाही असं सांगायचं. आधी कागदावर त्याची स्वतःची यादी लिहून घ्या, मनापासून कुठं जायचंय ते वर, मिळणं अवघड असलं तरी वर, मग मधली, मग हमखास मिळतील अशी. वर टाकल्यानं खालचं जात नाही, ही एक गोष्ट नीट समजावली तरी निम्मं काम झालं. आपलं कॉलेज त्या यादीत सातव्या नंबरला येत असेल तर सातव्यालाच राहू दे. कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज, सांगलीचं वालचंद त्याच्या वर असणारच, असू दे. फॉर्मची प्रिंट त्याच्याकडं द्या, आणि नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा सीईटी सेलचं त्या वर्षाचं माहितीपत्रक उघडून फ्रीजचा पॅरा त्याच्याकडूनच वाचून घ्या. गेल्या वर्षीच्या आठवणीवर बोलायचं नाही.

जाता जाता, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, परीक्षेला बसलेल्यांतली किती टक्के पोरं आपल्या मागं आहेत तो आकडा. "पोराला पंच्याऐंशी पडल्यात" म्हणून खुशीत आलेल्या बापाला हे सांगताना जरा हळू सांगा, पण सांगा. आणि त्याचाच फायदा घेऊन "एवढ्यात आमच्याकडंच मिळतंय बघा" असलं काही बोलू नका, मागच्या वर्षीचे कटऑफ सगळ्यांना उघडे आहेत.

"दोनच सीट राहिल्यात, आज टोकन भरा." हे वाक्य कायमचं बंद करा. दोनच राहिल्या असतील तर दाखवा, साठातल्या किती भरल्या. नसेल दाखवता येत तर बोलू नका. मूळ मार्कशीट आणि एलसी ठेवून घेणं हा त्याच्याच पुढचा प्रकार, पोरगं दुसरीकडं जाऊच नये म्हणून. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे, मूळ कागद तपासायचे आणि परत द्यायचे. पैसे परत मिळण्याचे टप्पे पण त्यातच आहेत: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी (प्रोसेसिंगचे म्हणून पाच टक्के, ते पण पाच हजारांच्या वर नाही), त्या शेवटच्या पंधरा दिवसांत केला तर नव्वद टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी, पंधरा ते तीस दिवसांत पन्नास, त्यापुढं काही नाही. नंतरच्या काही वर्षांत यूजीसीनं वेगळी पत्रकं काढून पूर्ण परताव्याची मुदत अजून वाढवली. एआयसीटीईच्या आणि कॅपच्या कोर्सना त्यांचे स्वतःचे नियम असतात. आपल्या कोर्सला जे लागू असेल ते एका पानावर छापून पावतीला स्टेपल करा. पैसे भरताना पैसे परत कसे मिळतात हे सांगणारं टेबल पालक विसरत नाहीत.

राहण्याचा आणि येण्याजाण्याचा विषय. इथं आपल्या कोल्हापूरचं म्हणून एक आहे. ब्रोशरमधला फोटो डिसेंबरचा असतो आणि कॉलेज सुरू होतं पावसाळ्यात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा, ४३ ला धोका, आणि त्याच्या बऱ्याच आधी एकेक बंधारा आणि रस्ता पाण्याखाली जायला लागलेला असतो. २०१९ आणि २०२१ ला तर हायवेच शिरोलीजवळ बंद होता. गगनबावड्याकडनं, पन्हाळ्याच्या पलीकडनं रोज एसटीनं येणाऱ्या पोराला "हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते" एवढंच सांगून चालत नाही, पुरात कॉलेज हजेरीचं काय करतं ते सांगा. चंदगडच्या पोराला "अपडाऊन होतंय की" म्हणणारा माणूस स्वतः एकदा पहाटेच्या गाडीनं जाऊन आलेला नसतो.

हॉस्टेल कॉलेजचं की कॉलेजनं भाड्यानं घेतलेली बिल्डिंग, खोलीत किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत, मुलींच्या हॉस्टेलला वॉर्डन रात्री राहतात का. पालकाला नुसतं सांगू नका, नेऊन दाखवा, आणि सजवलेली सँपल खोली नव्हे, पोरं राहतायत ती दाखवा. परवडत नसेल तर दुसरे रस्ते सांगा. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं तेव्हापासून या गावात बोर्डिंगची परंपरा आहे, दसरा चौकाच्या आसपास आज पण वेगवेगळ्या समाजाची बोर्डिंगं आहेत. समाजकल्याणची सरकारी वसतिगृहं आहेत, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. हे सांगितल्यानं आपल्या हॉस्टेलची एक कॉट रिकामी राहील, राहू दे.

कधीकधी "तुमच्यासाठी हे कॉलेज नाही" असं पण म्हणावं लागतं. पोरानं वर्कशॉपमधलं काम आवडतं म्हणून सांगितलं, बारावीला गणितात कसाबसा निघालाय, घरची परिस्थिती बेताची, तर त्याला गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक किंवा कळंब्याच्या आयटीआयचा रस्ता दाखवा, डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला येता येतं हे पण सांगा. वडिलांनाच एआय पाहिजे आणि पोरगी खाली मान घालून बसलीय, तर वडिलांना कॅम्पस बघायला शिपाईमामांबरोबर पाठवा आणि पोरीला विचारा, "बाळ, तुला काय करायचंय?" मग वडील आल्यावर तिच्या तोंडून बोलवून घ्या, आपण वकिली करायची नाही.

आणि आपण कुणाचे ते पण सांगायचं. "मी या कॉलेजचा पगार घेतो, त्यामुळं माझं ऐका पण अजून दोन ठिकाणी जाऊन या." क्लासवाल्यांना, ज्युनिअर कॉलेजच्या सरांना प्रत्येक अ‍ॅडमिशनमागं काहीतरी मिळतं हे कोल्हापुरात उघड गुपित आहे. तुम्हाला मिळत असेल तर पोराला मार्गदर्शन म्हणून बसवू नका, सरळ सांगा मला यात पैसे आहेत. क्लासच्या फलकांचं तर काय बोलायचं, आपल्याकडं डिजिटल फलकाचा नाद भारी, एकाच टॉपरचा फोटो तीन चौकात तीन क्लासच्या नावानं. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्यात, निवड झाल्यानंतर लेखी संमती घेतल्याशिवाय पोराचं नाव-फोटो वापरायचं नाही, सिलेक्शनची किंवा नोकरीची हमी द्यायची नाही. वाचा एकदा.

राहिले साहेब. मीटिंगमध्ये "शंभर टक्के प्लेसमेंट सांगा" म्हटलं तर तिथं भांडत बसू नका, नवीन असाल तर नोकरीचा प्रश्न आहे, मला कळतंय. मीटिंगनंतर एक साधा मेल टाका: "सर, पालकांना सांगायचे प्लेसमेंटचे आकडे ब्रँचवाईज सहीसह मिळावेत, म्हणजे सगळ्या टेबलांवर एकच माहिती जाईल." बहुतेक वेळा यावर शंभर टक्के असं लिहून कुणीच देत नाही, आणि मग तुम्ही खरे आकडे सांगितले तरी तुम्हाला कोण बोलू शकत नाही. दुसरं, जुलैची नव्हे, कॅन्सलेशन संपल्यावरची संख्या काढा, आणि सेकंड इयरला किती टिकली ती पण. ओढून आणलेली पोरं तिथं गळलेली दिसतात. संस्थेच्या लोकांना नीतीचं बोललेलं आवडत नाही, रिकाम्या बाकांचं कळतं. एका गावातलं एक पोरगं फसलं की त्या गावातनं पुढं बरीच वर्षं कोण फिरकत नाही, हे पण त्यांना माहीत असतं, फक्त जूनमध्ये आठवत नाही. तरी कुणी खोटं सांगायलाच बसवत असेल तर टेबल बदलून मागा, कागदपत्र तपासणीला, कॅपच्या सुविधा केंद्राला, कुठं पण.

टेलिकॉलिंगला असाल तर अजून दोन गोष्टी. नंबर कुठून मिळाला असं विचारलं तर खरं सांगायचं, आणि "नको" म्हटलं की नावापुढं नको लिहून यादीतनं काढायचं, दुसऱ्या पोरीकडनं परत फोन लावायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवाल ते स्क्रीनशॉट होऊन फिरतं हे धरूनच टाइप करा.

आणि गर्दीत कधी ना कधी माहिती चुकीची जातेच, फी जुनी सांगितली, बसचा रूट बंद झालेला, स्कॉलरशिप लागू नसताना लागू म्हटलं. म्हणून कुणाला काय सांगितलं त्याची वही ठेवा, नाव, गाव, फोन, सांगितलेला आकडा. चूक कळली त्याच दिवशी फोन करायचा, मुलाला नव्हे, ज्यांना सांगितलं त्यांनाच, आणि नुसतं "थोडा बदल आहे" असं गुळमुळीत न बोलता जुना आकडा, नवा आकडा आणि प्रवेश रद्द करून पूर्ण पैसे परत मिळायची शेवटची तारीख, तिन्ही एका दमात सांगायचं आणि तेच मेसेजवर पण टाकायचं.